बंधाऱ्याच्या ठरावावर सही करण्याआधी

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं आधी मांडतो. श्रीवर्धन आणि हर्णैच्या मधल्या पट्ट्यात समुद्राला लागून तुमची वाडी आहे. नारळाची पुढची रांग दोन पावसाळ्यांत पाण्यात गेली. त्याआधी ‘निसर्ग’ वादळानं सुपारी आडवी केली होती. विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. आता ग्रामसभेत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा ठराव येतोय आणि वडील म्हणतात, समुद्र असाच येतो नि जातो, उगाच घाबरू नका. सही करावी का, आणि असली वादळं आता नेहमीचीच झाली का, हे तुम्ही विचारलंय.

सही आत्ता करू नका. येता मे महिना जाऊ दे. वडील निम्मे बरोबर आहेत. उरलेलं निम्मं तुमच्या गावात नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय बंधारा मागितलात, तर तो तुम्हाला हवा तिथे आणि हवा तसा होणार नाही. तीसेक वर्षं मी किनारे मोजण्यात घालवली, काही बंधारे बांधून घेतले, त्यातला एक नको तिथे बांधला. त्याबद्दल पुढे सांगतोच.

वडील कुठे बरोबर आहेत ते आधी बघू. पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावरची, वाळू वर्षातून एक फेरी मारते. जूनमध्ये वारा लागला की लाटा उंच आणि एकीमागून एक लगोलग येतात. परतताना त्या पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिची लांबट पट्टी करून ठेवतात. ही पट्टी डोळ्यांना दिसत नाही, पण श्रावणात लाटा किनाऱ्यापासून दूर एका रेषेत फुटताना दिसतात ना, त्या रेषेखाली ती असते. म्हणजे पुळण आपलीच वाळू पुढे टाकून लाटांना बाहेरच्या बाहेर अडवते. नवरात्र सरलं की लाटा लांब आणि संथ होतात आणि तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. होळीपर्यंत पुळण बरीचशी भरते, मे महिन्यात ती सर्वांत रुंद असते. म्हणून गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी “किनारा गेला” म्हणतो, मे महिन्यात आलेला त्याचाच भाऊ “कुठे काय गेलंय” म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

किनारा खरोखर मागे हटतोय का हे बघायचं तर मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करायला हवी. मोजताना पाण्याची कड धरू नका. भरती-ओहोटीत ती तासाभरात पंधरा-वीस मीटर सहज सरकते. मर्यादवेलीची कड धरा. जांभळ्या फुलांची ही वेल पुळणीवर जिथवर टिकते, तिथवर नेहमीच्या भरतीचं पाणी येत नाही. ज्यांनी तिला हे नाव दिलं त्यांना माझ्या दुर्बिणीची आणि स्टाफपट्टीची गरज नव्हती. देवळाच्या जोत्यापासून किंवा जुन्या विहिरीच्या काठापासून वेलीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपानं मोजा आणि वहीत तारीख-तिथीसकट लिहा. गावाच्या लांबीनुसार अशा चार-पाच जागा ठरवा. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं मिळतात, तिथेही हीच हिरवी कड बघा आणि शक्यतो एकाच महिन्याची चित्रं शेजारी ठेवा. तलाठ्याकडे गावनकाशा असतो. त्यातले किती सर्व्हे नंबर आज पाण्यात आहेत हे एका दुपारचं काम आहे. ग्रामसभेत या नकाशाइतकं कुणाचंच भाषण चालत नाही.

मोठ्या पातळीवरचा अंदाजही देतो. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहचित्रं लावून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला. त्यात साधारण ३४ टक्के किनारा झिजतोय, २७ टक्क्यांवर भर पडतेय, बाकीचा स्थिर आहे. पश्चिम बंगालात झीज ६० टक्क्यांवर आहे, केरळात ४६. महाराष्ट्रात ती साधारण २५ टक्के आणि स्थिर किनारा जवळपास ६५ टक्के. याचं श्रेय आपल्या कातळाला. कोकणात दर थोड्या अंतरावर डोंगराचा सुळका समुद्रात घुसलेला असतो आणि दोन सुळक्यांच्या मधल्या कुशीत पुळण असते. ओडिशा किंवा तमिळनाडूत वाळू किनाऱ्याकिनाऱ्यानं मैलोन्मैल प्रवास करते, तसं इथे फारसं होत नाही. कुशीतली वाळू बहुतेक कुशीतच राहते. यात एक धोकाही आहे. बाहेरून नवी वाळू फारशी येत नाही, त्यामुळे आतून जी काढली ती गेलीच.

(मध्यंतरी भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटर झाला, अशी बातमी आली तेव्हा एका गावात मला गंभीरपणे विचारलं गेलं, “मग आमचा कमी कसा झाला?” किनारा वाढला नाही. मोजायची पट्टी बारीक झाली, खाचाखोचा मोजल्या गेल्या.)

आता तुमची वाळू कुठे गेली ते शोधा. मी तुमच्या गावी आलो असतो तर ही चौकशी केली असती. खाडीच्या मुखाजवळ सक्शन पंप चालतात का, गेल्या पंधरा वर्षांत किती चालले? सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्या. त्यांच्या पुरात थोडीफार वाळू मुखाशी येते आणि लाटा ती पुळणीवर चढवतात. मुखातलीच वाळू उपसली की पुळणीचा पुरवठा आटतो. दुसरं, कुशीत कुठे नवी जेट्टी किंवा लाटारोधक भिंत झाली का? अशा भिंतीच्या आडोशाला वाळू साठते आणि कुशीच्या दुसऱ्या टोकाला ती कमी पडते. पुळण मग दरवाजासारखी फिरते, एक टोक पुढे आणि एक मागे. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्यावर उत्तरेकडची पुळण गेली आणि शहरासमोर नुसते दगड उरले. चेन्नईत शहराची मुख्य पुळण बंदराच्या दुसऱ्या बाजूला आहे. बंदराच्या दक्षिणेला मरीना वाढत गेली आणि उत्तरेला रोयापुरम झिजत गेलं. समुद्र तोच, भिंतीची बाजू तेवढी वेगळी.

तिसरी चौकशी जरा अवघड आहे, कारण ती घरची आहे. पुळणीच्या मागे वाळूचे उंचवटे होते ते सपाट कुणी केले? समुद्र दिसावा म्हणून, गाडी लावायला जागा हवी म्हणून, घराच्या जोत्याला भराव हवा म्हणून. तो उंचवटा म्हणजे वाळूची पेढी असते. मोठ्या उधाणाला समुद्र त्यातून उचल करतो, त्या वाळूची पट्टी बाहेर तयार होते आणि मागची जमीन वाचते. पेढीच मोडली तर उचल थेट वाडीतून होते. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, १९९१च्या अधिसूचनेपासून किनारी पट्ट्यातून वाळू काढायला बंदी आहे, २०११ आणि २०१९च्या अधिसूचनांतही ती आहे. पण बंदी कागदावर असते आणि डंपर रात्री दोनला येतो. बांधकामाला पुळणीची वाळू वापरलेली घरं तुमच्याच वाडीत असतील तर ग्रामसभेत हा विषय कुणीच काढणार नाही. तुम्ही काढा.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात, ते नाव राहू दे, ऑगस्टमध्ये पाहणीला गेलो. पुळण नव्हतीच. लाटा थेट माडांच्या मुळांशी. माणसं रडत होती, वर्तमानपत्रवाले आले होते. पावसाळा संपताच काम सुरू करायचा दबाव होता आणि पुळण परत येते का हे बघायला कुणालाच वेळ नव्हता, मलाही. अंदाजपत्रकावर मी सही केली. दगडाचा बंधारा झाला, देखणा झाला. दुसऱ्या वर्षी पुळण परतायला जागाच उरली नव्हती, कारण आम्ही बंधारा तिच्या जागेवरच उभा केला होता. लाट उतरत्या वाळूवर चढते तेव्हा तिचा जोर वाटेत मुरतो. दगडावर आपटते तेव्हा तो मुरत नाही, परतताना ती पायथ्याची वाळू घेऊन जाते. तिसऱ्या पावसाळ्यात पायथा उघडा पडला, दगड घसरले. शिवाय दगडाखाली गाळणीचं कापड नीट अंथरलेलं नव्हतं, त्यामुळे फटींतून पोटातली वाळू निघून गेली आणि बंधारा मधेच बसला. आणि जिथे बंधारा संपत होता तिथे पाणी वळसा घेऊन शेजारच्या वाडीत शिरलं. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीनं बंधारा मागितला. त्यांचं चुकलं नव्हतं.

म्हणून बंधारा कधीच नको असं मी म्हणत नाही. मालवणजवळच्या देवबागसारखी जागा घ्या. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माणसांची घरं. तिथे मागे सरकायचं तर खाडीत सरकावं लागेल. अशा ठिकाणी, किंवा गावाला जोडणारा एकच रस्ता किनाऱ्याला लागून असेल तिथे, दगड घालावा लागतो. मग तो नीट घाला. पाया पावसाळ्यात वाळू जितकी खाली उतरते त्याच्याही खाली, दगडाखाली गाळणीचं कापड, टोकं जमिनीच्या बाजूला वळवलेली, आणि जागा पुळणीच्या मागे, पुळणीवर नव्हे. वाळूत गाडलेला, एरवी न दिसणारा बंधारा हा मला सर्वांत पसंत प्रकार. पण तो दिसत नसल्यामुळे उद्घाटनाला कुणी येत नाही.

दुसरे उपायही आहेत. पुदुच्चेरीत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं पाण्याखाली पोलादी पाचरीसारखा अडसर बसवला आणि वाळूही घातली. शहरासमोर पुन्हा पुळण दिसू लागली. असले उपाय जागेच्या अभ्यासाशिवाय होत नाहीत. आपल्याकडे असा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र करतं. सीआरझेडखालीही धूप रोखण्याच्या कामाला परवानगी मिळते ती शास्त्रीय अभ्यासाच्या आधारावर. तेव्हा ठराव करायचाच असेल तर पहिलं वाक्य अभ्यासाचं असू द्या.

वादळांकडे येतो. अरबी समुद्र बदलला आहे, यात मला शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती उलट ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रातल्या वादळांचा टिकण्याचा एकूण काळही ८० टक्क्यांनी वाढला. पाणी तापलंय आणि वादळाचं इंधन तेच.

पण या आकड्यावरून दरवर्षी तुमच्या दारात ‘निसर्ग’ येणार असं समजू नका. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक ओमान-येमेनकडे जातात किंवा गुजरातकडे वळतात. कोकणच्या किनाऱ्याला थेट लागलेली वादळं मोजकी: नोव्हेंबर २००९चं ‘फयान’, ३ जून २०२०चं ‘निसर्ग’. बाकीची बाजूनं जातात आणि तरी नुकसान करतात. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ला गुजरातला लागलं, पण त्याआधी सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत सगळा किनारा झोडपत गेलं आणि मुंबई हायच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडून साठहून अधिक कामगार गेले. २०१९चं ‘क्यार’ तर जमिनीकडे फिरकलंही नाही, पण त्याच्या लाटा आपल्याकडे आल्या. पुळणीला वादळाचा डोळा लागतो की शेपूट याच्याशी देणंघेणं नसतं, लाट किती वेळ आपटली हे महत्त्वाचं. म्हणून तुमच्या हिशेबात दोन वेगळे रकाने हवेत. थेट वादळ कधीतरीचं, त्यात वारा मारतो. बाजूनं जाणारं वारंवारचं, त्यात पुळण झिजते. आणि मेमधलं वादळ जास्त वाईट, कारण पुळण नुकतीच भरलेली असते ती पावसाळ्याआधीच ओढली जाते आणि मग चार महिने उघडी बाजू.

‘निसर्ग’च्या वेळी मुंबई वाचली आणि श्रीवर्धन, हर्णै, दापोली उद्ध्वस्त झाले, ते का, हे तुमच्या गावात प्रत्येकाला कळायला हवं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात. ‘निसर्ग’ नैर्ऋत्येकडून येऊन अलिबागच्या दक्षिणेला लागलं. त्याचा उजवा हात म्हणजे तुमचा पट्टा. तिथे वारा समुद्रावरून जमिनीकडे होता, ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुंबई डाव्या हाताला होती. पुढच्या वेळी हवामान खात्याचा मार्गाचा नकाशा आला की वादळ “किती जवळ” याआधी आपण त्याच्या कुठल्या हाताला आहोत ते बघा. आणि वेळ कमी असतो हे धरून चाला. ‘निसर्ग’ १ जूनला कमी दाबाच्या पट्ट्यातून आकार घेऊ लागलं आणि ३ जूनच्या दुपारी किनाऱ्यावर होतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढायच्या हे कोळ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. वाडीवाले मात्र शेवटच्या तासापर्यंत सुपारी मोजत बसतात.

पाणी किती चढेल याचं गणित घरी करता येतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. म्हणजे दाब वीस-पंचवीस हेक्टोपास्कलनं उतरला तर वीस-पंचवीस सेंटिमीटर, त्यावर वाऱ्यानं रेटलेलं पाणी, त्यावर लाटा. पण हे सगळं ज्या भरतीवर बसतं ती भरती कुठली, यावर घरात पाणी शिरतं की नाही ते ठरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, ओहोटीला आलेलं वादळ आणि उधाणाच्या भरतीला आलेलं वादळ यांत तुमच्याकडे दोन-अडीच मीटरचा फरक पडू शकतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी शिकवलं असेलच. ३ जून २०२०ला द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. बाराची पाऊणपट नऊ, तेराची पावणेदहा. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, पाणी उधाणाकडे चढत होतं, पण वादळ लागलं दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे सकाळची भरती उतरायला लागल्यावर. तेच वादळ सकाळी आलं असतं तर तुमच्या वाडीत मी आज सुपारीबद्दल बोलत नसतो. पुढचं वादळ आपली वेळ बघून येणार नाही.

आणखी एक गोष्ट केरळच्या मच्छीमारांकडून घ्यायची. त्यांच्याकडे ‘कल्लक्कडल’ असा शब्द आहे, चोर समुद्र. वारा नाही, ढग नाहीत आणि अचानक पाणी घरात. हजारो किलोमीटर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळ झालेलं असतं, त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी इथवर पोचतात. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, या लाटांचा इशारा आधी देतं. तो इशारा मच्छीमारांपुरताच आहे असं समजून वाडीवाले तिकडे बघत नाहीत.

आता वाडी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे ताशी साठच्या वाऱ्याला टिकलेली बाग एकशेवीसला टिकेल असं मानू नका. सुपारी उंच, बारीक आणि नारळाच्या आडोशानं वाढलेली. नारळ पडले की सुपारीला आधारही जातो आणि सावलीही. पुन्हा लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं. सरकारनं तेव्हा बागांची मदत हेक्टरी ५० हजार रुपयांपर्यंत वाढवली, पण हेक्टर हा शब्द देशावरचा आहे. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि एका गुंठ्यात नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकावर एक. गुंठ्याच्या हिशेबात हातात काय आलं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून पुढच्या वेळेसाठी आत्ताच झाडांची मोजणी, फोटो आणि सात-बारावरची पीकनोंद करून ठेवा. वादळानंतर पडलेलं झाड सुपारीचं होतं हे सिद्ध करणं त्रासाचं असतं.

पुढची रांग पुन्हा नारळाची लावू नका. ती जागा सोडून द्या. पहिल्यांदा मर्यादवेल, तिच्यावरून गाड्या आणि गुरं जाणार नाहीत एवढं कुंपण, मागे केवडा, त्याच्या मागे उंडी आणि करंज, मग नारळ, सुपारी सर्वांत आत. सुरूबद्दल माझं मत वनखात्यातल्या मित्रांना आवडत नाही. सुरू झटपट वाढतो आणि वारा थोडा अडवतो, पण तो वाळूत उथळ मुळांवर उभा असतो, त्याच्याखाली दुसरं काही वाढत नाही आणि कडेची वाळू कापली गेली की रांगच्या रांग पुळणीवर आडवी होते. ‘निसर्ग’मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं.

कांदळवन लावा असं कुणी सांगायला आलं तर आधी विचारा, कुठे? तिवर चिखलात, खाडीच्या आडोशाला वाढतो. उघड्या पुळणीवर लावलेली रोपं पहिल्या पावसाळ्यात जातात आणि फोटो तेवढे उरतात. पण तुमच्या गावामागच्या खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीत, कांदळवन असेल तर ते जिवापाड जपा. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला तेव्हा ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनाची तोड थांबवली आणि भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई केली. खाजणात भराव पडताना दिसला तर हा आधार पुरेसा आहे.

खाजणाचा विषय निघालाय म्हणून सांगतो, समुद्राकडे बघत बसाल आणि पाणी मागून येईल. खार जमिनीच्या बांधाला खांडी पडल्यात का, उघाड्या (बांधातून पाणी सोडायचे झडपेचे दरवाजे) उघडतात का, ते बघा. उघाडीची झडप गंजली की भरतीचं पाणी आत येतं आणि पावसाचं बाहेर जात नाही. पूर्वी गावकरी मिळून बांध राखत, आता ते सरकारी काम झालं आणि कुणाचंच राहिलं नाही. अतिवृष्टी आणि उधाणाची भरती एकत्र आली की काय होतं ते २६ जुलै २००५ला मुंबईनं पाहिलं, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. बंधारा समोर आणि तुंबलेली उघाडी मागे, अशी गावं मी पाहिली आहेत.

विहिरीचं थोडक्यात. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं. वरून एक फूट कमी केलंत की खालचा खारा थर कालांतरानं चाळीस फूट वर येऊ बघतो. रहाट होते तेव्हा पाणी वरच्यावर, हळूहळू निघायचं. आता पंप तासाभरात तळ दाखवतो. लहान पंप लावा, थोडं थोडं काढा, आणि वाडीत कुणाला बोअर मारू देऊ नका. वादळात लाट वरून विहिरीत पडली असेल तर उपसून एक-दोन पावसाळ्यांत पाणी सुधारतं. खारेपणा खालून आला असेल तर उपसल्यानं तो वाढतो. तुमचं पाणी एप्रिल-मेमध्येच मचूळ होतं आणि ऑगस्टमध्ये बरं होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ते खालून येतंय. त्याचा बंधाऱ्याशी काही संबंध नाही, बंधारा झाल्यावर ते थांबेल असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे.

वडिलांना विचारायला अवघड असा एक प्रश्न राहतो. मोजणीत किनारा वर्षाला मीटर-दोन मीटरनं मागे जातोय असं निघालं, तर समुद्राकडचं घर तुम्ही मागच्या गुंठ्यात नेऊ शकता का? ओडिशात सातभायाची माणसं शेवटपर्यंत थांबली, गावं पाण्यात गेली, मग बागापाटियाला पुनर्वसन झालं. धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांसाठी पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय आपत्ती निधीत १,००० कोटी रुपये वेगळे ठेवले. रोखण्याच्या उपायांसाठी आणखी १,५०० कोटी. असा पैसा मागायला पुरावा लागतो, आणि तो तुमच्या वहीत तयार होणार आहे. तुमच्याकडे मागे जागा आहे असं पत्रावरून दिसतं. ज्याच्याकडे आहे त्यानं ती विकून टाकू नये, एवढंच आत्ता म्हणतो. समुद्राकाठच्या मागच्या गुंठ्याला मुंबईचं गिऱ्हाईक चांगला भाव देतं, हे मला ठाऊक आहे.

तर ग्रामसभेत ठराव दुरुस्त करून मांडा. खाडीमुखातला उपसा बंद व्हावा. पुळणीवर गाड्या जाऊ नयेत. उघाड्यांची दुरुस्ती पावसाळ्याआधी व्हावी. किनाऱ्याचा अभ्यास करून घ्यावा आणि त्यात निघालं तरच, निघालं तिथेच, बंधारा. मंजूर होईल की नाही सांगता येत नाही, कारण दगडाचं काम दिसतं आणि त्यात बऱ्याच जणांचा धंदा असतो. पहिलं माप मात्र ठरावाची वाट न बघता येत्या अमावास्येलाच घ्या, ओहोटीला, देवळाच्या जोत्यापासून. टेप धरायला वडिलांना सोबत न्या. वेलीची कड त्यांच्या लहानपणी कुठे होती हे त्यांना दाखवता येईल, आणि तो आकडा कुठल्याच उपग्रहाकडे नाही.